चाळीस दिवस उपवासाचे, पन्नास दिवस सणाचे : मुलांसोबत घरी काय आणि कसं करावं

"मम्मी, चाळीस नाहीत, शेहेचाळीस आहेत."

थोरली तेव्हा आठ वर्षांची होती. भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन तिने भस्म बुधवारपासून, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंतची सगळी घरं पेन्सिलीने मोजली आणि मला पकडलं. खरं सांगायचं तर मलाही तोवर कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. उत्तर सोपं आहे. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. मधले सहा रविवार वजा केले की बरोबर चाळीस उरतात. पण तिच्या मोजणीमुळे आमच्या घरी एक गोष्ट सुरू झाली. उपवासकाळ भिंतीवर आला, मुलांना हाताने शिवता येईल असा.

हा लेख त्या भिंतीचा आणि आमच्या वसईतल्या स्वयंपाकघराचा. यातलं सगळं करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मी तसंच केलं होतं आणि चौथ्या दिवशी सगळं कोसळलं. दोन-तीन गोष्टी उचला, पण त्या ईस्टरच्या जेवणापाशी संपवू नका. आपल्या घरांत उपवासकाळ चाळीस दिवस चालतो आणि सण एका दुपारीत उरकतो, हे मला पटत नाही. चर्चच्या वर्षात ईस्टरचा सण पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, पन्नास दिवस असतो. मुलांना हे कळलं पाहिजे.

आधी तारखा, मग बाकीचं

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. मुलांना हे गच्चीवर नेऊन दाखवा. ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. शेजारी होळी पेटते तोच चंद्र आपलाही सण ठरवतो, हे कळल्यावर धाकट्याने चाळीतल्या सगळ्या मित्रांना ते सांगून टाकलं.

२०२७ साली भस्म बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार (येशूचं झावळ्यांनी स्वागत झालं तो दिवस) २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे ऐन परीक्षांचे दिवस. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवूनच आखणी करा. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री कोणत्याही मुलाला क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा स्थानांची प्रार्थना) करायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका मोठ्या कागदावर ४६ चौकोन आखा. सहा रविवार पिवळे रंगवा. रोज रात्री एक चौकोन मुलाने रंगवायचा. कागद फ्रिजवर किंवा जेवणाच्या टेबलाजवळ लावा, बेडरूममध्ये नको. येता-जाता दिसला तरच तो चालतो.

भस्म बुधवारच्या आदल्या संध्याकाळी

पूर्वी उपवासकाळात अंडी आणि तूपही वर्ज्य असे, म्हणून आदल्या दिवशी घरातलं संपवायची रीत होती. गोव्यातला चार दिवसांचा कार्निव्हलही याच मंगळवारी संपतो. आम्ही त्या रात्री आले-बेले करतो : मैद्याच्या पातळ घावनात ओलं खोबरं आणि गूळ यांचं सारण. दोन वाट्या मैदा, दोन अंडी, लागेल तसं दूध आणि चिमूटभर मीठ. पीठ अर्धा तास ठेवलं की घावन फाटत नाही. गुंडाळायचं काम मुलांचं.

जेवण झालं की दोन कामं उरतात. एक, देव्हाऱ्यामागे किंवा फोटोमागे खोचलेले गेल्या वर्षीचे झावळीचे क्रूस काढून चर्चमध्ये द्यायला बाजूला ठेवणं. खरं तर ते चार-आठ दिवस आधीच द्यावेत, कारण भस्म बुधवारची राख त्याच जुन्या झावळ्यांची करतात. आमचे दर वर्षी उशिरा पोचतात.

दुसरं काम मुलांना फार आवडतं. उपवासकाळात मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, 'आलेलुया' (देवाची स्तुती असो) म्हणत नाहीत. युरोपात हा शब्द अक्षरशः पुरून ठेवायची जुनी रीत होती. मुलांना एका कागदावर आलेलुया मोठ्या रंगीत अक्षरांत लिहायला सांगा, तो कागद एका डब्यात घालून झाकण लावा आणि डबा उंच फळीवर ठेवा. ईस्टरच्या सकाळपर्यंत घरात कोणी हा शब्द उच्चारायचा नाही. धाकटा आजीलाही टोकतो.

काय सोडायचं, काय धरायचं

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मुलांची यादी मीच केली. चॉकलेट नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही, भांडण नाही. चौथ्या दिवशी धाकटा बाथरूममध्ये चॉकलेट खाताना सापडला आणि "आता येशू माझ्यावर रागावला" म्हणून हमसून रडला. पाच वर्षांच्या मुलाला मी उपवास शिकवायला गेले आणि त्याच्या पदरात फक्त अपराधीपणा पडला.

नियम काय आहे ते आधी बघा. मांसवर्ज्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. उपवासाचा, म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण्याचा, १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. आणि तोही फक्त भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला. त्याहून लहान मुलांवर बंधन नाही. प्रायश्चित्ताचा खरा अर्थ त्यांना समजावून द्यावा एवढंच चर्च आईवडिलांना सांगतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्हींतली एकेक गोष्ट मूल स्वतः ठरवतं, आणि ती 'हो' किंवा 'नाही'मध्ये सांगता येईल अशी असायला हवी. 'मी चांगलं वागेन' चालत नाही. 'शाळेतून आल्यावर डबा मी स्वतः घासायला टाकेन' चालतं.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट पुरे. रोज रात्री क्रूसाची खूण करून एका माणसाचं नाव घ्यायचं. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना मोजता येणाऱ्या गोष्टी आवडतात : आठवड्यातून दोन दिवस चहाबरोबर बिस्किट नाही, त्याचे पैसे दानाच्या डब्यात. दहाच्या पुढची मुलं आईवडिलांकडे बारकाईने बघतात. तुम्ही काय सोडलंय ते त्यांना दिसलं पाहिजे. मी एका वर्षी रात्री नऊनंतर फोन बघणं सोडलं होतं. थोरलीने पाच वेळा मला पकडलं आणि पाचही वेळा डब्यात दहा रुपये टाकायला लावले.

हा डबा म्हणजे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेला. यातले पैसे कोणाला द्यायचे ते भस्म बुधवारीच ठरवा, नाही तर शेवटी आईस्क्रीमपर्यंत बोलणी जातात. पैसे नोटांत बदलून मुलाच्याच हाताने द्या.

आणि रविवारचं काय? रविवारी सूट घ्यावी का, यावर घराघरांत वाद आहेत. आमच्याकडे लहानांना सूट असते. ज्याला नको त्याने घेऊ नये.

शुक्रवार

शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात. पण आपण किनारपट्टीची माणसं. पापलेटचं कालवण आणि भात वाढून 'आज आमचा त्याग' म्हणणं म्हणजे जरा गंमतच आहे. सासूबाईंनी हे एकदा जेवताना मोठ्याने बोलून दाखवलं, तेव्हापासून आमच्या शुक्रवारी वालाची उसळ आणि भाकरी असते. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

या दिवसाचा खरा ऐवज म्हणजे क्रूसाची वाट. चर्चमधली चौदा स्थानं एका दमात करणं लहानांना जड जातं. इथे कॅलेंडरनेच आमची सोय केली आहे. भस्म बुधवारनंतरच्या शुक्रवारपासून गुड फ्रायडेपर्यंत बरोबर सात शुक्रवार येतात. सात शुक्रवार, चौदा स्थानं, म्हणजे दर शुक्रवारी दोन. दहा मिनिटांत होतं.

एका ताटात मूठभर वाळू घ्या, तिच्यात चौदा छोट्या मेणबत्त्या खोचा. वाढदिवसाच्या केकवरच्या चालतात. पहिल्या शुक्रवारी सगळ्या पेटवा आणि दोन स्थानं झाली की दोन विझवा. दुसऱ्या शुक्रवारी बाराच पेटवा. असं करत गुड फ्रायडेला दोनच उरतात. प्रत्येक स्थानाला एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, थोडं गप्प बसायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

तिसरा शुक्रवार मुलांसाठी सगळ्यांत चांगला, कारण त्या दिवशी पाचवं आणि सहावं स्थान येतं. सायमन क्रूस उचलायला मदत करतो आणि वेरोनिका येशूचा चेहरा पुसते. दोघेही मदत करणारे. "सायमनला स्वतःहून करायचं होतं का?" असं मी विचारलं. धाकटा म्हणाला, "नाही, त्याला पकडून आणलं. पण मग त्याने उचलला." मी पुढे काही बोलले नाही. सहाव्या शुक्रवारी अकरावं आणि बारावं, म्हणजे खिळे आणि मृत्यू. पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर तपशिलात शिरू नका. 'येशूला खूप दुखलं आणि तरी त्याने त्या लोकांना क्षमा केली' एवढं पुरतं.

मधले सण विसरू नका

उपवासकाळात दोन मोठे सण येतात आणि घरोघरी ते निसटून जातात. १९ मार्च येशूचा सांभाळ करणाऱ्या संत जोसेफचा. तो सुतार, म्हणून त्या दिवशी मुलांना हातोडी द्या. मोडकी खुर्ची, सैल झालेला स्टूल, जे असेल ते बाबांबरोबर बसून दुरुस्त करायचं. २०२७ साली १९ मार्चला शुक्रवारच आहे आणि हा महोत्सवाचा दिवस असल्यामुळे मांसवर्ज्याचा नियम त्या शुक्रवारी नसतो. आमच्याकडे चिकनचं ठरलंय.

दुसरा २५ मार्च, देवदूताने मारियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला तो दिवस. नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. मुलांना बोटांवर मोजायला लावा. २०२७ मध्ये ही तारीख पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी येते, म्हणून तो सण पुढे ५ एप्रिलला सरकतो.

चौथ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रात दिसतात. अर्धी वाट संपली, थोडा आनंद करा, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी टेबलावर गुलाबी काहीतरी ठेवा. आम्ही गुलाबाचं सरबत करतो.

याच सुमारास, ईस्टरच्या दहा-बारा दिवस आधी, गहू पेरायचा. रात्रभर भिजवलेला मूठभर गहू एका पसरट कुंडीत दोन बोटं मातीवर पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि रोज पाणी शिंपडा. ईस्टरपर्यंत वीतभर हिरवं गवत उभं राहतं. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याबद्दल येशू बोलतो. ते वाचायचं तर याच कुंडीपाशी. शेजारच्या काकूंनी कुंडी बघून विचारलं, "आमच्या घटासारखंच हे?" थोरली म्हणाली, "हो, पण आमचा दाणा गोष्टीतला आहे."

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पात्यांचे क्रूस त्याच दुपारी करा. दुसऱ्या दिवशी पान कडक होतं आणि दुमडताना तडकतं. थांबायचंच असेल तर पाती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. नारळाच्या पात्याचा हीर काढून टाका, म्हणजे दोन मऊ पट्ट्या मिळतात. त्यांतून बोटाएवढ्या रुंदीची सुमारे ३० सेंटीमीटरची एक पट्टी आणि १६ सेंटीमीटरची एक कापा. दोन्ही मधोमध दुमडा. आखूड पट्टी आडवी धरून लांब पट्टीच्या दोन पदरांमध्ये सरकवा, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर. मग पानाचीच एक दोऱ्यासारखी बारीक पट्टी काढून सांध्यावर फुलीसारखी दोनदा तिरकी आवळा आणि मागे गाठ मारा. सात वर्षांच्या मुलाला बांधण्यापुरती मदत लागते, बाकी त्याचं तोच करतो. एक क्रूस आजीला, एक दारामागे, एक वॉचमनकाकांना, कारण ते दर वर्षी मागतात.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. मिस्सा संध्याकाळी असते, म्हणून आम्ही दुपारीच घरी धुतो. पितळी परात, तांब्याभर कोमट पाणी, जुना मऊ टॉवेल. आधी आईवडिलांनी मुलांचे. पहिल्या वर्षी मुलं गुदगुल्यांनी खिदळत होती आणि मला वाटलं, यातून काही होणार नाही. मग थोरली आजीसमोर बसली. आजीच्या टाचांना भेगा आहेत, शेतात उभं आयुष्य गेलं. ती पाय मागे घेत होती, "नको गं, खराब आहेत." थोरलीने पाय धरून ठेवला, भेगांवरून हळू पाणी सोडलं आणि बोटांच्या मधलंही टॉवेलने पुसलं. कोणी हसलं नाही. पाय धुण्याचा अर्थ त्या दिवसापासून मी कधी समजावून सांगितला नाही.

त्या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर चर्चच्या घंटा बंद होतात, त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात वाजतात. मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर ती कान देऊन बसतात. रात्री वेगवेगळ्या चर्चेसना भेट द्यायची रीत आहे, पण लहान मुलं असतील तर एकच करा.

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचं वाचन आणि क्रूसाची भक्ती होते. घरात टीव्ही बंद, गाणी बंद. दुपारी पेज आणि लोणचं. मुंबईतल्या बेकऱ्यांत मिळणारे क्रूस काढलेले बन आदल्या दिवशीच आणून ठेवावेत, शुक्रवारी सकाळी रांग लागते. तीन वाजता उरलेल्या दोन मेणबत्त्या, तेरावं आणि चौदावं स्थान. शेवटची विझली की ताट तसंच राहू द्या, आवरू नका.

शनिवार हा अंड्यांचा दिवस. बाजारातली मार्झिपानची अंडी मुलांना हवीच असतात, ती आणा. पण घरी रंगवलेल्या अंड्यांची मजा वेगळी. आठ-दहा कांद्यांची सालं महिनाभर साठवा. एक लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. पांढरी अंडी त्यात घालून एक चमचा व्हिनेगर टाका आणि दहा-बारा मिनिटं शिजवा. गडद विटकरी लाल रंग येतो. आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान ओल्या बोटाने चिकटवून वरून जुन्या पायमोज्याच्या पातळ कापडात घट्ट बांधलं, तर पानाची नक्षी उठते. पान सपाट बसलं नाही तर रंग आत शिरतो आणि नुसता डाग दिसतो. आमची अर्धी अंडी डागांचीच असतात.

रात्रीचं जागरण लांब असतं. लहानांना संध्याकाळी झोपवून न्या, आणि जमत नसेल तर निदान सुरुवातीची आग आणि पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती दाखवून घरी आणा. त्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात, ते मुलाला शोधायला सांगा. अंधाऱ्या चर्चमध्ये एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या पेटताना एकदा पाहिल्या की मूल ते विसरत नाही.

ईस्टरच्या सकाळी आधी फळीवरचा आलेलुयाचा डबा. मुलांना ओरडू द्या. मग नाश्ता, फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि कालवण, आणि पैशांचा डबा मोजणं.

पुढचे पन्नास दिवस आणि बाकीचं वर्ष

४६ चौकोनांचा कागद काढून तिथे ५० चौकोनांचा लावा. यात रोज काही सोडायचं नाही, रोज एक छान गोष्ट लिहायची. पहिला आंबा, रिझल्ट, मामाकडे जाणं. सुट्टीचे दिवस असल्यामुळे हा कागद भरायला त्रास होत नाही.

वर्षभराच्या सणांपैकी चार-पाचच निवडा. आमचा पहिला ६ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सियाचा. वसईत जन्मलेला मुलगा, इथेच जेझुइट फादरांकडे शिकला, जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ साली तो संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला. आम्ही मुलांना वसई किल्ल्यात नेतो आणि 'तो इथूनच गेला' एवढंच सांगतो. दुसरा ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस. आधी नऊ दिवस मुलांनी रोज एकेक फूल आणून वाहायचं, बाजारातलं नको, अंगणातलं किंवा रस्त्याकडेचं. तिसरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा, नव्या भाताच्या लोंब्यांचा आशीर्वाद. शेत नसलेल्या शहरी मुलांच्या हाती त्या दिवशी एक लोंबी द्याच, आणि त्यातला तांदूळ नखाने सोलून दाखवा. चौथा २ नोव्हेंबर, कबरींवर मेणबत्त्या. पणजोबांचं नाव दगडावरून मुलानेच वाचायचं.

पाचवा दिवस कॅलेंडरवर छापलेला नसतो, तो प्रत्येक मुलाचा वेगळा. कपाटातली फाइल काढा आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची तारीख बघा. त्या दिवशी बाप्तिस्म्याची मेणबत्ती, अजून जपलेली असेल तर, जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटं पेटवा आणि धर्मपित्याला किंवा धर्ममातेला मुलाकडून फोन करवा. धाकट्याची धर्ममाता दुबईला असते. गेल्या वर्षी त्याने फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आज कोणता वाढदिवस?"

"दुसरा," तो म्हणाला.